काच कुणी घालवली?

आणा, सगळी विमानं इकडे खिडकीपाशी आणा. उजेडात ठेवा, ओळीनं. आणि ते डकोटा कपाटामागे सरकवलंस ते मला दिसलं नाही असं समजू नकोस, तेही घे. हं. आता जरा मागे सरा आणि नीट बघा. रंग बरा दिलाय. पंखांवरची चक्रं गोल आलीत. चाकं सरळ आहेत. आणि एकाही वैमानिकाला समोरचं काही दिसत नाही! प्रदर्शनाच्या टेबलावर ही ओळ मांडली तर लोक विचारतील, बोर्डीत मोतीबिंदूचं शिबिर कधीपासून भरायला लागलं?

"बाई, किटमधली काचच तशी होती." कोण बोललं ते? डबा उघडला तेव्हा मी इथंच उभी होते. पारदर्शक तुकड्यांची पिशवी मी स्वतः उजेडाला धरून पाहिली होती. त्यातून मला समोरची सुरूची झाडं दिसत होती आणि झाडांमागचा समुद्र दिसत होता. काच चांगली आली होती. ती तुम्ही घालवलीत. आता कशी घालवलीत ते एकेकाच्या तोंडून ऐकायचंय मला.

झाईचा कोण, पुढे ये. मिग-२१ तुझं ना? कॅनॉपीला, म्हणजे वैमानिकावरच्या काचेला, काय लावलंस? फेविक्विक. का? "पटकन चिकटतं म्हणून." वा! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. गणपतीची सगळी सुट्टी मिळाली होती तुला, त्यातले पहिले दिवस कुठे गेले ते विचारत नाही, पण विसर्जनानंतर मखराच्या सामानातून उरलेली ट्यूब उचललीस आणि रातोरात विमान उरकलंस, हे मला न सांगता कळतंय. ये, असा वाक. कॅनॉपीच्या आतल्या बाजूला बघ. दिसलं? तुझ्या अंगठ्याचा ठसा आहे तो, रेषा न् रेषा मोजता येईल असा. बाहेरून पुसून निघत नाही, कारण तो आतून उमटलाय.

तो कसा उमटला ते ऐक. फेविक्विक म्हणजे सायनोअॅक्रिलेट. ट्यूबमध्ये ते पातळ असतं आणि हवेतला, पृष्ठभागावरचा ओलावा मिळाला की घट्ट होतं. पण सगळंच लगेच घट्ट होत नाही. थोडं वाफ होऊन उडतं, आणि ती वाफ जवळच्या वस्तूवर बसून तिथं पांढरी भुकटी होऊन गोठते. बोटाचा घाम-तेल जिथं लागलंय तिथं ती आधी आणि जास्त बसते. एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस जपानमधल्या पोलिसांच्या लोकांनी नेमकं हेच हेरलं, आणि तेव्हापासून जगभर बंद पेटीत या वाफेनं गुन्हेगारांचे ठसे उठवतात. तुझी कॅनॉपी म्हणजे तशीच बंद पेटी. खाली कॉकपिट, वर काच, मध्ये वाफ आणि जायला वाट नाही. स्वतःच्या गुन्ह्याचा पुरावा स्वतःच इतका स्वच्छ उठवणारा मुलगा मी प्रथमच बघतेय.

वर आपली हवा. समुद्र हाकेच्या अंतरावर, भाद्रपदाचे दिवस, मिठाच्या बरणीत सकाळी पाणी दिसतं. वाफेला ओलावा हवा असतो, तो तू फुकट पुरवलास. मोठा थेंब लावलास, तोही एका जागी नाही, कडेनं सगळीकडे.

फेविक्विकला शिव्या देऊ नका हं. ते आपलं काम चोख करतं. मुद्दाम सांगते, कारण या पदार्थाची गोष्टच गमतीची आहे. १९४२ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर नावाचे रसायनशास्त्रज्ञ बंदुकीच्या नेमयंत्रासाठी स्वच्छ पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. त्यांच्या हाती हा पदार्थ आला. ज्याला लागेल त्याला चिकटून बसायचा, म्हणून त्यांनी तो बाजूला टाकला. पुढे १९५१ मध्ये त्याची खरी किंमत लक्षात आली आणि १९५८ मध्ये तो बाजारात आला. म्हणजे नेमाच्या काचेसाठी ज्याला युद्धाच्या धामधुमीतही नापास केलं, त्याला तू ऐंशीहून अधिक वर्षांनी लढाऊ विमानाच्या काचेवर पास केलंस. कूव्हर काय म्हणाले असते कोण जाणे.

आणि सांडलेलं पुसायला काय घेतलंस? इअरबड. कापूस! सुती कापडाला किंवा कापसाला हे लागलं की झपाट्यानं घट्ट होतं आणि तापतं, बोट भाजेल इतकं तापतं. तुझ्या तर्जनीवरचा लाल डाग मी मघाशीच पाहिलाय. आईला "पणतीनं भाजलं" म्हणून सांगितलं असशील. बोटं चिकटली तर ओढायची नाहीत, कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून सावकाश सोडवायची. डोळ्याजवळ ट्यूब न्यायची नाही, टोपण दातानं उघडायचं नाही. हे मी परत सांगणार नाही.

मिग-२१ म्हणजे काय चीज होती ठाऊक आहे? १९६३ मध्ये हवाई दलात आलं. ते इथून फार लांब नाही, नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात बनत होतं. २०२५च्या २६ सप्टेंबरला चंडीगडमध्ये त्याला निरोप दिला. बासष्ट वर्षं माणसं त्या काचेतून बघत होती. तुझी बासष्ट मिनिटं टिकली नाही.

बस खाली. पुढचं. नॅट कुणाचं?

तू घोलवडचा, म्हणजे तरी जरा शांत डोक्याचा असशील असं वाटलं होतं. तू फेविक्विक लावलं नाहीस, हे बरं केलंस. किटबरोबर आलेलं प्लास्टिक सिमेंट लावलंस. आणि वर मला सांगतोस, "बाई, डब्यावरच लिहिलं होतं." डब्यावर लिहिलं होतं विमान जोडायला. काच जोडायला लिहिलं होतं का? मुकाट्यानं मान हलवू नकोस, वाचलंस का ते सांग. नाही वाचलंस.

प्लास्टिक सिमेंट हा खरा गोंदच नव्हे. तो द्रावक. विमानाचे दोन अर्धे तुकडे पॉलिस्टायरीनचे असतात. सिमेंट दोन्हीकडचं पॉलिस्टायरीन विरघळवतं, दोन्हीकडच्या लांबलांब साखळ्या एकमेकींत गुंततात, द्रावक उडून जातो आणि सांध्याचा एकच तुकडा होतो. पंख धडाला जोडायला याच्यासारखं दुसरं काही नाही. पण कॅनॉपीही बहुतेक किटांत पॉलिस्टायरीनचीच असते, त्यातल्या स्वच्छ आणि ठिसूळ जातीची. साच्यात गार होताना तिच्या अंगात ताण राहून जातो. द्रावक लागला, नुसती वाफ लागली तरी तो ताण सुटतो, आणि सुटताना केसासारख्या बारीक भेगा पडत जातात. बघ इकडे, कडेपासून मध्यापर्यंत जाळं आलंय. मिगवरची भुकटी वरवर बसलीये, ती खरवडता तरी येईल. हे जाळं काचेच्या पोटात गेलंय. ते घासून निघत नाही.

याच जातीच्या विमानात बसून फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों १४ डिसेंबर १९७१ला श्रीनगरच्या धावपट्टीवरून उडाले, समोर पाकिस्तानची सेबर विमानं होती. हवाई दलाचं आजवरचं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. खरं नॅट इतकं छोटं की बहात्तरास एक या प्रमाणात ते तुझ्या वितीपेक्षा लहान झालं, आणि कॅनॉपी अंगठ्याएवढी. लोक ते विमान हातात घेतील तेव्हा पंखाकडे नाही बघणार, आधी काचेतून आत डोकावतील. माणसाची नजर जाते तिथंच तू भेगा पाडून ठेवल्यास.

आणखी एक हिशेब कर, गणितात बरे गुण असतात तुला. किटमधली काच एक मिलिमीटर जाड आहे. बहात्तरनं गुण. सात सेंटिमीटर! खऱ्या विमानाच्या कॅनॉपीला एवढी जाड काच कुणी लावत नाही. म्हणजे मुळातच आपली काच मापापेक्षा जाडजूड, त्यातून जे दिसतं ते आधीच थोडं वाकडं. त्यावर आणखी धुकं चढवलं तर उरलं काय?

तू का हसतेस? त्या दोघांची खरडपट्टी निघतेय म्हणून? डकोटा तुझं. तुला माझ्याकडून सगळ्यात जास्त ऐकून घ्यायचंय, कारण तू सगळ्यांत हुशार आहेस आणि तुझी चूक सगळ्यांत आतली आहे.

"बाई, मी काचेला फेविकॉल एम आर लावला, तुम्ही सांगितला तोच." लावलास, मला मान्य आहे. वैमानिकांची पुढची काच कडेनं स्वच्छ बसलीये, कुठे ओघळ नाही. मग ती आतून धुरकट का? बोल ना. नाही येत? काच लावायच्या आधी तू आतल्या जागा कशानं चिकटवल्यास? सिमेंटनं. किती वेळापूर्वी? "त्याच दुपारी." आणि प्रवाशांच्या खिडक्यांची पारदर्शक पट्टी आतून कशानं लावलीस? तेही सिमेंट, कारण "आतून आहे, दिसणार नाही." मग दोन अर्धे जोडून धड बंद केलंस, वर काच बसवलीस. सगळा द्रावक आत कोंडला. रात्रभर तो उडत राहिला, आणि जायला वाट नव्हती म्हणून काचेवर जाऊन बसला. फेविकॉलनं तुला दगा दिला नाही. दगा दिला तो तू दुपारी चिकटवलेल्या खुर्चीनं.

हे सगळ्यांनी ऐका, कारण पुस्तकात बघून काम करणारेसुद्धा इथं फसतात. काचेला कोणता गोंद लावायचा याची चर्चा सगळे करतात. काचेखाली काय काय लावून ठेवलंय याचा विचार कुणी करत नाही. कॉकपिटमधली खुर्ची, वैमानिकाचा पुतळा, समोरचं यंत्रांचं पॅनेल, त्यावरचा रंग, रंगातलं थिनर, सगळ्यांतून वाफ निघत असते. वास येतोय का ते नाक लावून बघायचं. वास येत असेल तर काच बंद करायची नाही. दोन दिवस, पावसाळ्यात तीन दिवस, तसंच उघडं ठेवायचं, वर पातेलं उपडं न घालता. धूळ बसेल ही भीती वाटत असेल तर जाळीचं झाकण ठेवा, मासळीवर ठेवतो तसलं. हवा खेळली पाहिजे. आणि पुतळा फेविक्विकनं बसवून वर काच फेविकॉलनं लावणाऱ्यालाही तोच मोतीबिंदू होतो, हे वेगळं सांगायला नको.

डकोटाच्या छोट्या खिडक्यांना पट्टीची गरजच नव्हती. पाच-सहा मिलिमीटरचं भोक आहे ते. टूथपिकच्या टोकावर फेविकॉल घ्यायचा, भोकाच्या आतल्या कडेनं फिरवायचा आणि मग टोक सावकाश आडवं ओढायचं. पातळ पडदा तयार होतो. फुटला तर परत. सुरुवातीला दुधासारखा दिसतो, वाळला की खिडकी. परदेशी दुकानांत याच कामासाठी क्रिस्टल क्लिअर नावाची बाटली मिळते, तिचंही काम असंच चालतं. आणि विमान कुठलं निवडलंस बघ! २७ ऑक्टोबर १९४७ला शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरला उतरली ती हीच डकोटा. २०१८ मध्ये एक जुनी डकोटा इंग्लंडमध्ये दुरुस्त होऊन हवाई दलाला मिळाली, "परशुराम" नाव दिलं तिला. सत्तरी ओलांडलेली विमानं उडवता येतात, कारण कुणीतरी कंटाळा न करता त्यांच्या खिडक्यांच्या कडासुद्धा बघतं.

हात कुणी वर केला? बोल. "बाई, पण फेविकॉलनं घट्ट धरत नाही. खाली पडलं तर काच निघते."

निघू दे! हाच तुमच्या डोक्यातला घोळ आहे आणि बाकी सगळं त्यातून आलंय. काचेवर भार कसला आहे रे? तिला पंख उचलायचाय? चाकांवर आपटायचंय? ती नुसती आपल्या जागी बसून राहणार आहे. तिला ताकदीचा गोंद लागतच नाही, तिला निरुपद्रवी गोंद लागतो. विमान पडलं आणि काच अख्खी सुटून बाजूला गेली तर ओल्या फडक्यानं कडा पुसायची आणि परत लावायची. सिमेंटनं जोडलेली असती तर ती तिथंच तडकली असती. उद्या आत वैमानिकाचं डोकं उलटं बसलंय असं लक्षात आलं, तर फेविकॉलचा सांधा पाण्यानं हळू करून उघडता येतो. सोडवता येण्याजोगा सांधा हा इथं दोष नाही, ती सोय आहे. पण तुम्ही जाहिरातीत दोघांनी ओढलं तरी न सुटणारा गोंद पाहिलात आणि तीच एक परीक्षा सगळ्या गोंदांना लावून बसलात.

फेविकॉल पांढरा का असतो, ते या वर्गात कुणाला सांगता आलं नाही तर मला विज्ञान शिकवल्याची लाज वाटेल. चिकूच्या देठातून चीक निघतो तो पांढरा का दिसतो? दोन्हींत पाण्यात तरंगणारे अतिसूक्ष्म थेंब असतात. थेंबांवरून उजेड विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. फेविकॉलमध्ये ते थेंब पॉलिव्हिनाइल अॅसिटेटचे. पाणी उडून गेलं की थेंब एकमेकांना टेकतात, मिसळतात, सलग पापुद्रा होतो. विखुरायला कडाच उरत नाहीत, म्हणून तो पारदर्शक दिसतो. यात द्रावक नाही, पॉलिस्टायरीनला जाळणारं काही नाही. त्याला लागतो तो फक्त वेळ.

आणि वेळ तुम्ही देत नाही. नरपडची कोण ती, तुझं हंटर अर्ध्या दिवसात पांढरंच राहिलं म्हणून तू काल रडत होतीस. अगं, पावसात ते पाणी जाणार कुठे? हवाच पाण्यानं भरलेली आहे. जाड थर दिलास, तर वरचा पापुद्रा आधी धरतो आणि आतलं पाणी अडकून बसतं. थर कागदासारखा पातळ हवा. पंख्याखाली ठेवायचं, घाई असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवायचं. बुटांच्या खोक्यातून, औषधांच्या बाटलीतून निघणाऱ्या त्या पुड्या फेकून देता, त्या जमवा. चुलीजवळ ठेवायचं नाही, पत्र्यावर उन्हात ठेवायचं नाही. प्लास्टिक वाकलं की माझ्याकडे येऊ नका. आणि वाळलेला फेविकॉलही ओल धरली तर पुन्हा किंचित दुधी होतो, तेव्हा घाबरून त्यावर आणखी थर चढवू नका. कोरडं होऊ द्या, परत उजळतो.

"आपल्याकडे कॅनॉपी ग्लू मिळत नाही" हे मला आज तिघांनी ऐकवलंय. मुंबईला मिळतो, घरपोच मागवता येतो, पैसे असतील तर जरूर आणा, चांगला असतो. पकड फेविकॉलपेक्षा थोडी जास्त, वाळल्यावर जरा लवचीक. पण तो आला नाही म्हणून हात बांधून बसणारी पोरं या गावात तरी मला चालायची नाहीत. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये याच बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र उभं केलं. मॉंटेसोरीची परदेशी साधनं महाग होती, खेड्यात कुणाला परवडणार? त्यांनी आणि अनुताई वाघांनी शिंपले, बिया, पानं, खडे घेऊन शिकवण्याची साधनं केली, आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. त्या बोर्डीत उभं राहून तू मला बाटलीवरचं नाव सांगतोस!

नाव कसलं बघता? थेंब बघा. पारदर्शक तुकडे ज्या चौकटीला जोडलेले येतात ती चौकट, तुम्ही तिला स्प्रू म्हणता, ती तोडून फेकता ना? ती त्याच प्लास्टिकची असते. जो काही गोंद हातात येईल त्याचा थेंब आधी तिच्यावर टाका आणि एक रात्र ठेवा. सकाळी धुरकटला? भेगा आल्या? पिवळा पडला? मग तो काचेजवळ न्यायचा नाही. एवढी परीक्षा केली असती तर आज ही ओळ माझ्यासमोर नसती. पिवळट रबरी गोंद, चपलेला लावतो तो, त्यातही द्रावक असतो. त्याचा तर विचारच नको.

अराल्डाइट कुणी लावलंय ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. त्यात द्रावक नाही, काच धुरकटत नाही, म्हणून त्यानं मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली असेल. दोन ट्यूबा समान घेतल्यास का? नाहीस, कडेला अजून चिकट आहे. आणि आज स्वच्छ दिसतंय ते तसंच राहील असं तुला कोणी सांगितलं? माझ्या कपाटातलं ते जुनं कॅनबेरा काढून बघ. कडेनं पिवळा पट्टा आलाय ना? अराल्डाइट म्हणजे एपॉक्सी, ते उजेडात पिवळं पडत जातं. वाळताना पारदर्शक असणं वेगळं आणि वर्षानुवर्षं पारदर्शक राहणं वेगळं. काचेला जिथं नजर पोचत नाही, आतल्या खाचेत, तिथं ठीक. उघड्या कडेला नाही. यूव्ही दिव्याखाली गोठणारे रेझिनही हल्ली मिळतात, तेही आधी स्प्रूवर.

आता तू. पुस मॉथ. पुढे ये, तुला ओरडायला नाही बोलावलं. किट नसताना केलंस हे, होय ना? आइसक्रीमच्या काड्या, कार्डशीट, आणि खिडक्यांना गोळ्यांच्या पाकिटाचं पारदर्शक प्लास्टिक. कडेला फेविकॉल, दोन दिवस पंख्याखाली. खिडकीतून आतली खुर्ची दिसतेय. असलं विमान घेऊन जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ला कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, टपाल घेऊन. बंद केबिनचं विमान होतं, म्हणूनच त्याच्या खिडक्या महत्त्वाच्या. तू त्या राखल्यास. चांगलं आहे. एवढंच बोलणार आहे मी, फुगू नकोस, कारण डावीकडच्या खिडकीच्या आत केस अडकलाय. लावायच्या आधी साबणाच्या पाण्यानं धुवून, फुंकर न मारता वाळवलं असतंस तर अडकला नसता. तो काढ.

तुम्हाला वाटतंय, अंगठ्याएवढ्या प्लास्टिकसाठी बाई केवढं बोलतायत. मग आणखी थोडं ऐका. १५ ऑगस्ट १९४०, ब्रिटनच्या आकाशात गॉर्डन क्लीव्हर नावाच्या वैमानिकाच्या हरिकेनची कॅनॉपी गोळीनं फुटली आणि पर्स्पेक्सच्या कपच्या त्याच्या डोळ्यांत घुसल्या. हॅरल्ड रिडली नावाच्या डॉक्टरांनी पुढे अशा डोळ्यांत पाहिलं, तर एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. त्या कपच्या आत राहूनही डोळा चिडत नव्हता. त्यातून त्यांनी पर्स्पेक्सची भिंगं करवून घेतली, आणि २९ नोव्हेंबर १९४९ला लंडनच्या सेंट टॉमस हॉस्पिटलमध्ये मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. तुमच्यापैकी अर्ध्यांच्या आज्या आज त्यामुळे सुईत दोरा ओवतायत. विमानाच्या काचेकडे इतक्या बारकाईनं बघणारा एक माणूस होता, म्हणून. आणि तुम्हाला ती उजेडाला धरून बघायचाही कंटाळा.

प्रदर्शनाला आठवडा आहे. कुणाचंही विमान मी बाद करत नाही, पण असल्या काचेचं एकही टेबलावर जाणार नाही.

मिग घरी ने, प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोन-तीन तास फ्रीजरमध्ये ठेव. गारठ्यात फेविक्विक ठिसूळ होतं. मग कटरचं पातं सांध्यात हळू सरकव, जोर लावायचा नाही, आणि मोठं कुणी जवळ असल्याशिवाय पातं हातात घ्यायचं नाही. काच निघाली की आतून दोन हजार नंबरच्या वॉटर पेपरनं, पाणी लावून, एकाच दिशेनं घास. मग त्याहून बारीक. मग पांढऱ्या टूथपेस्टनं मऊ कापडावर, हात दुखेपर्यंत. भुकटी वरवर आहे, ती जाईल. डकोटाची पुढची काचही अशीच घास. पण आधी ओल्या ब्रशनं फेविकॉल भिजवून काच काढ, आणि धडाची शिवण उघड. उघडत नसेल तर खिडक्यांच्या पट्टीची आशा सोड, बाहेरून ढकलून काढ आणि टूथपिक घे.

नॅटची काच गेली. तिला दुसरी करायची. शेवग्याच्या किंवा सावरीच्या मऊ लाकडात कॅनॉपीचा आकार कोर, पाण्याच्या रिकाम्या बाटलीत तो बसव, आणि मी हेअर ड्रायर घेऊन शेजारी उभी राहीन. गरम झाली की बाटलीचं प्लास्टिक आक्रसून लाकडावर बसतं. पहिली बिघडेल, दुसरीही बिघडेल, बाटल्या जास्त आण. लाकूड गुळगुळीत असू दे, त्यावरची प्रत्येक रेघ काचेत उतरते.

आणि हंटरवाली, तू पांढरा डाग काढायला काल काय आणलं होतंस ते मला कळलंय. नेलपॉलिश रिमूव्हर! त्यात अॅसिटोन असतं, पॉलिस्टायरीन त्यात मेणबत्तीपेक्षा लवकर वितळतं. तुझ्या मैत्रिणीनं वेळेवर हात धरला म्हणून तुझं विमान आज इथं आहे. बाटली दप्तरात आहे ना अजून? काढ. आईची आहे, तिला परत दे, आणि अर्धी का संपलीये ते तिनं विचारायच्या आत तूच सांग. चला, खिडक्या उघडा पाहू सगळ्या, खोलीभर सिमेंटचा वास कोंडलाय.